साडेसतरा हजारांचा जुना थिंकपॅड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी प्रुफं वाचते. मुद्रितशोधन हा त्याचा पुस्तकी शब्द, पण या धंद्यात सगळे 'प्रुफं'च म्हणतात. 22 वर्षं झाली. आधी कागदांचे गठ्ठे आणि लाल पेन होतं, आता बहुतेक काम पीडीएफवर चालतं. राहते डोंबिवलीला, कामं येतात गिरगाव, दादर आणि पुण्याहून, आणि आई चिपळूणला एकटी असते म्हणून महिन्यातले पाच-सहा दिवस तिकडे जातात. हे आधीच सांगितलं, कारण 'छोटा, स्वस्त लॅपटॉप कोणता घेऊ' असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, दिवसभर त्यावर काय करणार? माझं उत्तर ठरलेलं होतं: मराठी वाचणार, मराठी टाइप करणार, आणि तो खांद्याला लावून फिरणार. व्हिडिओ एडिटिंग नाही, गेम नाहीत.

जून 2025 मध्ये मी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणकबाजारातून लेनोवोचा वापरलेला थिंकपॅड एक्स280 घेतला. साडेबारा इंची फुल एचडी पडदा, आय5-8250यू प्रोसेसर, 8 जीबी रॅम, 256 जीबी एसएसडी, म्हणजे फायली साठवायची वेगवान डिस्क. जीएसटीच्या बिलासकट 17,500 रुपये, दुकानाची तीन महिन्यांची वॉरंटी. मधे दिवाळी अंकांचा हंगाम येऊन गेला, चिपळूणच्या फेऱ्या झाल्या, एक मोठी कादंबरी वाचून झाली. आता लिहायला हरकत नाही.

याआधीचा लॅपटॉप 2022 मध्ये नवा कोरा घेतला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्या किमतीत तशा आकड्यांची यंत्रं अनेकांची मिळतात आणि दोष त्या आकड्यांचाच होता. 22 हजार रुपये, चकचकीत खोकं, सोबत बॅग फुकट. आत सेलेरॉन एन4020, म्हणजे दोनच कोअरचा (एका वेळी काम करणाऱ्या दोनच भागांचा) प्रोसेसर, 4 जीबी रॅम आणि 64 जीबीची ईएमएमसी. ईएमएमसी ही स्वस्त फोनमध्ये असते तसली साठवण, बोर्डावर सोल्डर केलेली. वेगाला एसएसडीच्या पुष्कळ मागे, आणि भरली की वाढवता येत नाही. विंडोज 11 ला कमीत कमी 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगतं. म्हणजे माझा नवा लॅपटॉप पहिल्या दिवशीच किमान रेषेवर उभा होता. दीड वर्षात विंडोजचं अपडेट यायचं, जागा नाही म्हणून अडायचं, मी फायली पेन ड्राइव्हवर हलवायचे, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

ऑगस्ट 2024 मधली एक रात्र मी विसरणार नाही. एका दिवाळी अंकाची 240 पानांची पीडीएफ, सकाळी साडेनऊला परत द्यायची होती. शेवटच्या तीस पानांवर असताना यंत्र गोठलं. दहा मिनिटं वाट पाहिली, मग बटण दाबून बंद केलं. पुन्हा उघडलं तर तीन तासांच्या टिपा गेलेल्या. पहाटेपर्यंत बसून पुन्हा वाचलं, पण थकलेल्या डोळ्यांनी दुसऱ्यांदा वाचलेलं प्रूफ ते थकलेलंच असतं. अंक छापून आला तेव्हा एका कवितेच्या शीर्षकात 'कवी'च्या जागी 'कवि' तसाच राहिला होता. पहिल्या वाचनात मी तो दुरुस्त केला होता. कवीनं काही म्हटलं नाही, पण मला ते पान अजून उघडवत नाही.

तेव्हाच ठरवलं की पुढचं यंत्र खोक्याकडे बघून घ्यायचं नाही.

भाच्यानं आधी टॅब सुचवला. "मावशी, कीबोर्डसकट घे, वजनच नाही त्याला." त्याचा टॅब आठवडाभर वापरून पाहिला. नुसतं वाचायला आणि पेननं खूण करायला तो खरंच चांगला. पण माझ्यासमोर एका बाजूला प्रूफ, दुसऱ्या बाजूला मूळ हस्तलिखिताची फाइल आणि मागे कोश उघडा असतो. टॅबवर या तीन गोष्टींची ये-जा करताना विचार तुटतो. शिवाय मांडीवर ठेवला की कव्हरचा कीबोर्ड डगमगतो. क्रोमबुकचाही, म्हणजे गूगलच्या प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपचाही, विचार केला. 2021 नंतरच्या मॉडेलना गूगल दहा वर्षं अपडेट देतं ही मोठी जमेची बाजू, आणि ज्याचं सगळं काम ब्राउझरमध्ये चालतं त्यानं ते जरूर पाहावं. माझे दोन संपादक मात्र वर्डची फाइल 'ट्रॅक चेंजेस' लावून, म्हणजे प्रत्येक बदल दिसत राहील अशी, पाठवतात, आणि चिपळूणला पावसात इंटरनेट जाणं ही रोजची गोष्ट. म्हणून तो मार्ग सोडला.

छोट्या, स्वस्त लॅपटॉपचा नाद आमच्या घराला जुना आहे. 2007 मध्ये आसूसचा ई पीसी आला, 7 इंची पडद्याचा. दिरांनी हौसेनं आणला होता. पडदा 800 गुणिले 480 ठिपक्यांचा, आणि त्यावर मराठीचं एखादं पान वाचायचं तर ओळ संपेपर्यंत आडवं सरकवावं लागायचं. कळा इतक्या बारीक की माझी करंगळी दोन कळांवर पडायची. त्याच वर्षी कर्जतजवळच्या खैरात-धनगरवाड्याच्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या मुलांना स्वस्त लॅपटॉप देण्याच्या प्रकल्पाचे हिरवे-पांढरे लॅपटॉप मुलांच्या हातात आले होते. कर्जत लोकल दिसली की मला ते आठवतं. त्या यंत्राचा पडदा उन्हात वाचता यायचा. स्वस्त वस्तूतसुद्धा पडद्याचा इतका विचार कोणीतरी केला होता, याचं तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. ई पीसीवरून मात्र मी एक धडा घेतला: यंत्र लहान झालं तरी कळा लहान होता कामा नयेत.

आता लॅमिंग्टन रोडबद्दल. ग्रँट रोड स्टेशनला उतरून पूर्वेला बाहेर पडलं की चालत पाच-सात मिनिटं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलंय. मी कामाच्या दिवशी सकाळी अकराला गेले, गर्दी नव्हती, दुकानदारांना बोलायला वेळ होता. सोबत एक पेन ड्राइव्ह, त्यात 212 पानांची एका कादंबरीची पीडीएफ, आणि एका कागदावर लिहिलेले माझे प्रश्न.

वापरलेले लॅपटॉप म्हणजे चोरीचा किंवा मोडका माल, असा समज माझाही होता. पण या दुकानांत येणारा बराचसा माल मोठ्या कंपन्यांचा असतो. त्या शेकड्यांनी लॅपटॉप घेतात, तीन-चार वर्षांनी सगळे एकदम बदलतात, आणि जुने लॉटमध्ये विकले जातात. ही यंत्रं मुळात महागड्या वर्गातली असतात. बिजागरी धातूची, कीबोर्डावर पाणी सांडलं तरी लगेच जीव जाऊ नये अशी रचना, सुटे भाग मिळणारे. थिंकपॅडची तर उघडून दुरुस्त करण्याची पुस्तिका लेनोवो उघडपणे देते. साडेसतरा हजारांत नव्या मालात असं काही हाती लागत नाही.

पहिल्या दुकानात एक्स270 दाखवला. 14 हजार, दिसायला देखणा, मागची बॅटरी काढता-घालता येणारी. "विंडोज 11 टाकलंय मॅडम, एकदम लेटेस्ट." मी प्रोसेसरचा पूर्ण आकडा विचारला. आय5-7300यू. इथे थांबा, कारण ही गोष्ट घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. इंटेलच्या या आकड्यात रेघेनंतरचा पहिला अंक म्हणजे पिढी. 7300 म्हणजे सातवी, 8250 म्हणजे आठवी. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टची इंटेलची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. सातवीवर ते आडवाटेनं टाकता येतं, पण पुढची अपडेटं मिळतील याची हमी नाही. आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. दुसरं कारण याहून मोठं. सातव्या पिढीत या वर्गाच्या आय5 ला दोन कोअर होते, आठवीत चार झाले. एका पिढीत इतकी उडी नेहमी दिसत नाही. साडेतीन हजार वाचवायला मी सातवीवर उतरले नसते. ज्यांना विंडोजऐवजी फुकटची लिनक्स प्रणाली चालते त्यांच्यासाठी एक्स270 अजूनही उत्तम सौदा आहे, हेही सांगते.

दुसऱ्या दुकानात एक्स280 होता, पण 1366 गुणिले 768 चा पडदा. पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडली, आणि एका मिनिटात नको म्हटलं. का ते सांगते.

मराठी अक्षराच्या डोक्यावर गर्दी असते. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, सगळे एकाच पट्टीत. 'वर्षं' लिहा आणि लहान टाइपात बघा. रफार आणि अनुस्वार शेजारी शेजारी बसतात. 'सर्वांनीं' असं जुन्या पुस्तकाच्या पुनर्मुद्रणात येतं, तिथे एका शब्दात रफार, दोन अनुस्वार आणि वेलांटी. ठिपके कमी असतील तर अनुस्वार वेलांटीच्या गाठीत मिसळतो आणि आहे की नाही ते डोळा अंदाजानं ठरवतो. प्रूफ वाचणाऱ्याला अंदाज चालत नाही. 15.6 इंची पडद्यावर 1366 गुणिले 768 म्हणजे इंचाला सुमारे 100 ठिपके. साडेबारा इंचीवर तेच सुमारे 125 होतात. आणि साडेबारा इंचीवर फुल एचडी, म्हणजे 1920 गुणिले 1080, घेतलं की 176. पडदा लहान असणं इथे फायद्याचं ठरतं. तेवढेच ठिपके कमी जागेत दाटतात, अक्षराची कड धारदार दिसते. 'ल'ची गाठ, 'श'चा देठ, 'ऱ्य'मधला तो बारीक वळसा, सगळं वेगवेगळं कळतं. माझ्या जुन्या मोठ्या लॅपटॉपवर मी 150 टक्के मोठं करून वाचायचे. यावर 110 ला वाचते.

तिसऱ्या दुकानात फुल एचडीचा मिळाला. आयपीएस पडदा (बाजूनं पाहिलं तरी नीट दिसणारा), वरून चकाकी नसलेला, म्हणजे खिडकीपाशी बसलं तरी आपलंच तोंड दिसत नाही. दुकानदार मध्यमवयीन गृहस्थ, घाई नाही. "ताई, बसा, निवांत बघा," म्हणाले आणि स्टूल पुढे केलं. मी तिथे पाऊण तास बसले. आधी नोटपॅड उघडून एकेक कळ दाबली. मग पडदा पूर्ण पांढरा करून डाग शोधले. एका कोपऱ्यात अगदी पुसट सावली होती, ती चालण्यासारखी होती. दोन्ही यूएसबी-सी भोकांत आळीपाळीनं चार्जर लावून पाहिला. वापरलेल्या यंत्रात हे भोक ढिलं झालेलं असू शकतं आणि दुरुस्ती महाग पडते, म्हणून हे चुकवू नका. झाकण एका हातानं उघडून निम्म्यावर सोडलं, तिथेच थांबलं, म्हणजे बिजागरी शाबूत. मग 212 पानांची फाइल टाकून झरझर खाली नेली. कुठे अडली नाही.

बॅटरीसाठी एक कमांड आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी आणि पुढे तिरकी रेघ देऊन बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत लिहिलं की अहवालाची फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावर मावणारी क्षमता असे दोन आकडे असतात. एक्स280 ची मूळ 48 वॉट-तासांची. या यंत्रात 39 उरली होती. मी तो आकडा दाखवून पाचशे रुपये कमी करून घेतले. दुकानदारांनाही ते रास्त वाटलं.

शेवटची एक तपासणी भाच्यानं लिहून दिली होती आणि ती फार मोलाची निघाली. कंपनीतून आलेल्या यंत्रावर कधी कधी जुन्या मालकाचं कुलूप राहतं. एक तर बायोसचा, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगचा, पासवर्ड. सुरू करताना एफ1 दाबून आत जायचं, पासवर्ड मागितला तर ते यंत्र घ्यायचं नाही. दुसरं कुलूप लपलेलं असतं. विंडोज नव्यानं टाकून इंटरनेट जोडलं की एखाद्या कंपनीच्या खात्यानं लॉगिन करायला सांगतं. म्हणून दुकानातच यंत्र रीसेट करून, माझ्या फोनचं इंटरनेट जोडून, पहिल्या स्क्रीनपासून माझ्या नावानं सुरू करून घेतलं. याला वेळ लागला. तेवढ्यात समोरच्या हॉटेलात चहा-मस्का घेऊन आले.

त्याच दुकानात डेलचा लॅटिट्यूड 7290 आणि एचपीचा एलिटबुक 830 जी5 हेही आठव्या पिढीचे होते. डेल साडेबारा इंची, एचपी 13.3. दोन्हींत रॅम बदलता येते, आणि एक्स280 मध्ये येत नाही, ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे. ही एक्स280 ची खरी उणीव. जितकी घ्याल तितकीच जन्मभर. ज्यांना ब्राउझरमध्ये वीस-पंचवीस टॅब उघडे ठेवायची सवय आहे त्यांनी 16 जीबीचा शोधावा, नाहीतर एलिटबुक घेऊन रॅम वाढवावी. मला 8 पुरतात. प्रूफ, हस्तलिखित, कोश आणि मेल उघडे असताना आठ महिन्यांत एकदाही गोठलेला नाही.

मग मी एक्स280 च का घेतला? कळांसाठी.

मी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी, यात स्वर आणि त्यांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. एफ आणि जे या कळांवर जे छोटे उंचवटे असतात, तिथे आपल्या तर्जनी टेकतात. इनस्क्रिप्टमध्ये एफला ऱ्हस्व वेलांटी आणि जेला र. आता गंमत अशी की एफच्या बरोबर वर आर, तिथे दीर्घ वेलांटी. शेजारी जीला ऱ्हस्व उकार, त्याच्या वर टीला दीर्घ उकार. म्हणजे मराठी शुद्धलेखनात जिथे सगळ्यात जास्त चुका होतात, त्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चारही खुणा डाव्या तर्जनीच्या ताब्यात, आणि चूक-बरोबर यात अंतर फक्त एका ओळीचं. कळ नीट दबली का, हे बोटाला कळलं पाहिजे. जुन्या लॅपटॉपची आरची कळ सहा महिन्यांत मऊ पडली होती. दाबली तरी कधी उमटायची, कधी नाही. 'पाणी'चं 'पाण' व्हायचं. या थिंकपॅडच्या कळा मधे किंचित खोलगट आहेत, बोट आपोआप मधोमध बसतं, आणि खाली गेल्यावर एक ठाम टेकण लागते. सात-आठ वर्षं जुना कीबोर्ड, कोणी अनोळखी माणसानं इतकी वर्षं त्यावर मेल लिहिलेले, तरी एकही कळ मऊ नाही. अक्षरांच्या कळा पूर्ण आकाराच्या आहेत.

जी, एच आणि बीच्या मधला तो लाल ठिपकाही आता हाताला बसला आहे. पहिले चार दिवस मी तो विसरूनच गेले होते. मग कळलं की बोटं एफ-जेवरून न हलवता तर्जनीनं ठिपका ढकलला की बाण सरकतो. वाचताना एका वेलांटीवर बाण नेऊन टीप लावायची, पुढे जायचं, दिवसातून दोन-तीनशे वेळा. हात टचपॅडवर नेऊन परत आणण्याचा त्रास वाचला. माझं उजवं मनगट दुखायचं ते बरंच कमी झालंय.

एका गोष्टीनं मात्र पहिल्या आठवड्यात वैताग दिला. डाव्या खालच्या कोपऱ्यात इतर लॅपटॉपवर कंट्रोलची कळ असते, इथे एफएन आहे आणि कंट्रोल तिच्या शेजारी. कॉपी करायला जावं तर काहीच होत नाही. बायोसमध्ये या दोघींची अदलाबदल करायची सोय आहे. ती केली आणि प्रश्न मिटला. घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी करून टाकावं.

वजन घरच्या काट्यावर 1 किलो 240 ग्रॅम भरलं. डोंबिवलीहून सकाळी निघायचं म्हणजे बॅग पाठीवर नव्हे, पोटाशी धरायची. जुना पावणेदोन किलोचा होता, वर त्याचा विटेसारखा चार्जर. दादरला बदलून चर्नी रोडला उतरेपर्यंत मान अवघडायची. आता डबा, पाण्याची बाटली, लॅपटॉप एकाच झोळीवजा बॅगेत मावतात. चार्जर यूएसबी-सीचा आहे, तोच फोनलाही चालतो. उलट मात्र धरू नका. फोनसोबत आलेल्या छोट्या चार्जरवर हा लॅपटॉप भरेल अशी आशा नको, किमान 45 वॉटचा, पॉवर डिलिव्हरीचा (यूएसबी-सीवरून जास्त वीज देणारा) हवा.

खरी परीक्षा जुलैत झाली. दिवा-सावंतवाडी गाडीनं चिपळूणला निघाले होते. खिडकीची जागा, समोरच्या बाईंचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागलेले, मांडीवर तिच्या नातवाची चप्पल येत होती. मोठा लॅपटॉप तिथे उघडलाच नसता. हा उघडला आणि रोह्यापासून पुढे चाळीस पानं झाली. घरी पोचले तर वीज गेलेली, सकाळी गेली होती ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. आईनं देवघरातला दिवा मोठा केला, बाहेर पाऊस धो धो. वायफाय बंद केलं, उजेड चाळिसावर आणला आणि त्या रात्री व दुसऱ्या सकाळी मिळून साडेपाच तास वाचलं. शेवटी 6 टक्के उरले होते. उरलेली पंधरा पानं शेजारच्या काकांच्या इन्व्हर्टरवर लावून संपवली, आणि फाइल वेळेत गेली. आईला या यंत्राचं कौतुक वेगळ्याच कारणानं. "आवाज नाही गं याला," म्हणाली. वाचताना पंखा सहसा बंदच असतो. व्हिडिओ कॉल लांबला की मग ऐकू येतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. कॅमेरा 720पीचा, दिवसा चालतो, रात्री चेहरा दाणेदार दिसतो. स्पीकर बारीक. इंटरनेटच्या केबलसाठी नेहमीचं मोठं भोक नाही, वेगळा जोडतुकडा लागतो. कॅमेऱ्याचं एसडी कार्ड बसत नाही, फक्त मायक्रोएसडी, तेही मागच्या बाजूला ट्रेमध्ये. दोन पानं शेजारी शेजारी वाचण्याइतका पडदा मोठा नाही, त्यासाठी घरी जुना मॉनिटर एचडीएमआयनं जोडते. आणि वॉरंटी तीनच महिन्यांची, हे मनाशी धरूनच घ्यायचं. मी दर शुक्रवारी सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेते.

मराठीसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागलं नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट येतो. ज्यांना 'aai' या धाटणीनं इंग्रजी कळांवर मराठी लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी फोनेटिक कीबोर्डही 2019 पासून विंडोजमध्येच आहे. विंडोजची कळ आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते.

कोणी घेऊ नये? शाळकरी मुलासाठी, जो तो दप्तरात टाकून आपटणार आहे आणि बिघडला की पालकांनाच दुकान शोधावं लागणार आहे, त्याला वर्षभराच्या वॉरंटीचं नवं यंत्र बरं, मग ते हळू असलं तरी. गावात दुरुस्ती करणारं कोणी नसेल तर दहादा विचार करा. मोठ्या एक्सेल शीट घेऊन बसणाऱ्या हिशेबनीसांना साडेबारा इंच अपुरे पडतील. पण जे लिहितात, वाचतात, भाषांतर करतात, शिकवतात, ज्यांचा दिवस अक्षरांत जातो, त्यांनी नव्या 4 जीबीच्या यंत्राला हात लावण्याआधी एकदा आठव्या पिढीचा जुना ऑफिसचा लॅपटॉप मांडीवर घेऊन पाहावा, एवढं मी अगदी कळकळीनं सांगते. पडदा फुल एचडी, रॅम 8 च्या खाली नाही, साठवण एसएसडी. यातलं एकही सोडू नका, रंग आणि ओरखडे खुशाल सोडा. माझ्या यंत्राच्या झाकणावर कुठल्याशा कंपनीचं स्टिकर काढल्याचा चौकोन अजून दिसतो.

काल पुन्हा बॅटरीचा अहवाल काढला, 37 वॉट-तास. तिसाच्या खाली गेली की बदलायची, दुकानदारांनी साडेतीन हजार सांगितलेत. माझी एक मैत्रीण बालसाहित्याचं संपादन करते, ती या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाणार आहे. ती 212 पानांची फाइल असलेला पेन ड्राइव्ह मी तिला देऊन ठेवलाय, आणि पान 87 आधी उघड असं सांगितलंय. त्या पानावर तळटिपा आहेत, आठ पॉइंटात, आणि पहिल्याच ओळीत 'वर्षांनीं' आहे.